कोणाची गो तू?

रत्नागिरीतल्या आमच्या कॉम्प्युटर क्लासच्या बाई नव्या मुलीला नाव नंतर विचारायच्या. आधी, "कोणाची गो तू? गाव कुठला?" मला वाटलं, इथेही चौकशा सुटत नाहीत. पण बाईंचा डेटाबेसचा पहिला धडा तिथूनच सुरू व्हायचा. आम्ही त्यांना मागून 'नातेवाईक बाई' म्हणायचो.

फळ्यावर त्या दोन टेबलं, म्हणजे नोंदींचे तक्ते, काढायच्या, एक गावांचं, एक मुलांचं. मी हौसेनं हेदवीच्या प्रत्येक मुलीपुढे गाव, तालुका, पिनकोड सगळं पुन्हा पुन्हा लिहिलं आणि एकीचा पिनकोड चुकवला. बाई म्हणाल्या, "गाव एकदाच वसव. पोरींनी नुसता त्याचा नंबर धरायचा." एक मुलगी अनेक विषय शिकते, एका विषयाला अनेक मुली असतात, तिथे मधलं तिसरं टेबल कशाला, असं कोणी विचारलं की त्या लग्नातल्या मध्यस्थाचं उदाहरण द्यायच्या. स्वतः लग्न न केलेल्या बाई हे सांगताना सगळ्यांत जास्त हसायच्या.

एकदा सरावात मी गावांच्या टेबलातून संगमेश्वर पुसून टाकलं. तिथली सगळी मुलं गावाविना लटकली. तेव्हा मात्र बाई हसल्या नाहीत. कोणी अवलंबून असेल तर मूळ नोंद पुसता येणार नाही, असा नियम त्यांनी मला घालायला लावला. "मूळ जपायचं गो. मागचे उघडे पडतात." पुढे मी तिथेच शिकवायला लागले. क्लासची सगळी नोंदणी आम्ही दोघींनी मिळून कॉम्प्युटरवर बसवली, तेव्हाही त्यांनी हा नियम आधी घातला.

मग बाई आजारी पडल्या. मी रोज पेज घेऊन जायचे. एका दुपारी त्या म्हणाल्या, "सगळ्यांना विचारत आले, कोणाची तू. माझ्यामागे कोण गो?" पेज तशीच निवत राहिली.

गणपतीच्या आधी बाई गेल्या. त्यांची खुर्ची अजून भिंतीशी आहे. माझ्याच्यानं तिकडे बघवत नाही.

नव्या बाई आल्यावर क्लासच्या मालकांनी मला शिक्षकांच्या टेबलातून जुन्या बाईंचं नाव काढायला सांगितलं. मी काढायला गेले. कॉम्प्युटरनं नकार दिला: या नोंदीवर इतर नोंदी अवलंबून आहेत. त्यांच्या हाताखालून गेलेली प्रत्येक मुलगी त्यांचा नंबर धरून होती. मीसुद्धा. मला रडू आवरेना.

आतून मालकांनी विचारलं, "काढलंस?"

"निघत नाही," मी म्हटलं.

"का?"

"त्यांची माणसं आहेत मागे."