बोट नाही आली तर?

जगात कुठेही अन्नाचा तुटवडा पडायचा असेल, तर तो आमच्या भाऊजींची परवानगी काढून मगच पडेल, अशी माझी पक्की समजूत होती. भाऊजी म्हणजे ह्यांचे धाकटे मावसभाऊ. मूळचे देवरुखचे, आणि मस्कतला वादी कबीरमध्ये आमच्याच बिल्डिंगीत बरोबर आमच्या डोक्यावर राहणारे. परदेशातून धान्य-भाजी आणणाऱ्या एका कंपनीच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये ते सुपरवायझर होते. वर्षानुवर्षं बोटीतून उतरणारे कांदे-बटाटे पाहून त्यांच्या मनाने एकच प्रश्न धरला होता. ‘‘बोट नाही आली तर?’’ हा प्रश्न ते वाढदिवसाचा केक कापताना विचारत, हायपरमार्केटातल्या सफरचंदांच्या डोंगरासमोर उभे राहून विचारत, आणि एकदा तर सत्यनारायणाच्या प्रसादाचा द्रोण हातात घेऊन त्यांनी तो भटजींनाही विचारला. भटजी मस्कतमध्ये मुरलेले. म्हणाले, ‘‘येईल हो, इन्शाल्ला!’’

त्यांना जेवायला बोलावणं म्हणजे पदार्थांना इमिग्रेशनच्या रांगेत उभं करणं. पानात काही पडलं की आधी त्याचं गाव विचारायचं. कांदा नाशिकचा, टोमॅटो जॉर्डनचा, गहू ऑस्ट्रेलियाचा. ‘‘वहिनी, तुमच्या एवढ्याशा ताटात तीन देश. त्यातला एक रुसला तर?’’ मी म्हणायची, ‘‘तो रुसेल तेव्हा रुसेल, आमटी गार होतेय.’’ इथल्या मातीतलं आणि इथल्या समुद्रातलं मात्र त्यांना सगळं गोड. बार्काची काकडी, सलालाची केळी, मत्राहच्या बाजारातला मासा. खजूर घालून पिठलंही त्यांनी जाऊबाईंना करायला लावलं होतं. जाऊबाईंनी ते केलं. एकदाच.

गच्चीवर त्यांनी वांगी लावली होती, आणि त्यांना पाणी हवं म्हणून सगळ्या बिऱ्हाडांच्या एसीच्या नळ्यांखाली बादल्या ठेवल्या होत्या. जिन्यात कोणी भेटलं की ‘कसे आहात’च्या आधी ‘बादली भरली का’ अशी चौकशी व्हायची. घरमालक अर्बाब एकदा तक्रार ऐकून वर आला, तर भाऊजींनी त्याच्या हातात चार वांगी ठेवली. तो हसला, ‘‘खलास, राहू दे,’’ म्हणाला आणि वांगी घेऊन गेला. जूनच्या उन्हात तीच वांगी झाडावर भाजून निघायची, तेव्हा भाऊजी म्हणायचे, ‘‘भरताचं अर्धं काम झालं.’’ मंडळाच्या कोजागरीला ते उष्ट्याच्या पिंपाशेजारी खुर्ची टाकून बसले, आणि पान टाकायला येणाऱ्या प्रत्येकाकडे असं दुःखाने बघत राहिले, की लोक परत जाऊन उरलेला भात संपवून आले. पुढच्या वर्षी कमिटीने त्यांना प्रमुख पाहुणे करून स्टेजवर बसवलं. पिंपापासून लांब.

आणि घरात साठा! पलंगाखाली तांदूळ, दिवाणात डाळी, कपाटात साड्यांऐवजी कडधान्यं. जाऊबाई म्हणायच्या, ‘‘मी नवऱ्याबरोबर नाही, गोडाऊनकीपरबरोबर राहते.’’

मग एका वर्षी तो पाऊस आला. मस्कतच्या पावसात डोंगरावरचं पाणी वादीतून, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्यातून, असं धावत येतं, की बघताबघता रस्त्याची नदी होते. आमच्याकडे येणारे रस्ते बंद झाले आणि गल्लीतल्या दुकानाच्या फळ्याफळ्यांवरचे पाव दुपारपर्यंत संपले. दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊजी दारात उभे. मी मनाची तयारी केली. आता ‘सांगितलं नव्हतं का’ हे ऐकायचं. पण ते म्हणाले, ‘‘वहिनी, तळमजल्यावरच्या गॅरेजवाल्या मुलांनी कालपासून काही खाल्लं नाहीये. त्यांचा मेसवाला वादी अदाईला अडकलाय. जरा वर येता?’’

वर गेले. डबे उघडले, तांदूळ धुतला, जाऊबाईंनी गॅस पेटवला. ज्योत दोनदा फडफडली आणि विझली. जादा सिलिंडर रिकामा. गॅसची गाडी पाण्यापलीकडे. जगातल्या यच्चयावत संकटांचा विचार केलेल्या माणसाने नेमका चुलीचा विचार केला नव्हता. भाऊजी डाळींवर, म्हणजे दिवाणावर, मटकन बसले. एरवी मी पोट धरून हसले असते, पण त्यांचे डोळे भरून आले होते.

जाऊबाई मात्र पदर खोचून उठल्या. ‘‘बिल्डिंगीत काय आपलीच एक चूल आहे?’’ डाळ माझ्याकडे आली, तांदूळ समोरच्या मल्याळी बाईंकडे गेला, बटाटे तिसऱ्या घरात. तासाभरात जिन्याच्या पायऱ्यांवर पंगत बसली. गॅरेजची मुलं ‘बस बस, भाईसाब’ म्हणेपर्यंत भाऊजी वाढत होते. कुठली डाळ, कुठल्या देशाची, एक अक्षर नाही.

सगळे जेवल्यावर ते पायरीवर टेकले आणि हळूच म्हणाले, ‘‘नवीन आलो तेव्हा हैमा गावाच्या पुढे, वाळवंटात रस्त्याच्या कामावर होतो. वाळूच्या वादळात रेशनची गाडी आलीच नाही. पाण्यात भिजवलेली शिळी खुब्जची रोटी, तीही संपली. मग वाळवंटात उंट घेऊन भटकणारा एक बदू आला, उंटिणीचं दूध घेऊन. ओळख ना पाळख. आम्हाला पोटभर पाजलं आणि गेला. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं हो.’’ त्यांच्या त्या प्रश्नावर इतकी वर्षं आम्ही हसत होतो. तो ते उपाशीपोटी शिकले होते, हे जाऊबाईंनाही तेव्हाच कळलं.

दोन वर्षांनी कंपनीने त्यांच्या जागी इथला तरुण घेतला. भाऊजींनी त्याला काम मन लावून शिकवलं, आणि भाऊजी-जाऊबाई दोघं देवरुखला परतली. त्यांची मुलगी कॅनडात असते. परवा फोन आला. यंदा भात चांगला झालाय, भोपळे मांडवावर मावत नाहीत, पपया तर पिकून खाली पडतायत, असं उत्साहाने सांगत होते. मी चिडवलं, ‘‘मग आता तरी काळजी मिटली ना?’’

ते म्हणाले, ‘‘मिटली हो, वहिनी. फक्त जेवायला आम्ही दोघंच असतो. तुम्ही कधी येताय?’’