चांगुणाआत्याच्या गोळ्या

चांगुणाआत्या ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. राहुरीजवळच्या मळ्यात शेण, चारा आणि धारा काढण्यात तिचा जन्म गेला. पोरं पुण्याला गेली, गाई तिच्यापाशी राहिल्या. बोलायला गोड, कामाला वाघ आणि स्वतःच्या बाबतीत मूर्ख. होय, मूर्खच म्हणते मी.

गेल्या वर्षी तिची कंबर इतकी दुखायला लागली की धारेला बसलेली बाई उठताना गाईचाच आधार घ्यायची. मी केडगावहून गेले आणि तिला बळेच डॉक्टरांकडे नेलं. हाडं ठिसूळ, अंगात रक्त कमी. डॉक्टर म्हणाले, "जेवण चांगलं ठेवाच, पण आता नुसत्या जेवणानं भागणार नाही. कॅल्शियम, डी जीवनसत्त्व आणि लोहाच्या गोळ्या घ्या. पडलात तर हाड मोडेल." मग विचारलं, "खाता काय?"

उत्तर तिच्या नवऱ्यानं, भिमाजीमामांनी दिलं. "घरचं सकस खानं हाय सायब. बाजरी, मेथी, शेवगा, दूधदुभतं. गोळ्या शहरातल्या लोकांना."

त्यात खोटं काहीच नव्हतं. घरात ते सगळं शिजायचं, तीच शिजवायची. फक्त मामा आणि गडी जेवून उठले की तिच्या ताटात भाकरी आणि रस्सा उरायचा. दूध डेअरीला जायचं, आत्या कोरा चहा प्यायची.

हेच मामा गाईंच्या खुराकात घालायला मिनरल मिक्श्चरची पिशवी न चुकता आणायचे. "हिरवा चारा कितीबी घाल, आपन लई दूध काढतो तिचं. नुसत्या चाऱ्यावर गाय टिकत न्हाई," हे मला त्यांनीच समजावलं होतं. बायकोकडून आपण किती काढून घेतो, हे त्यांच्या डोक्यात कधी शिरलं नाही.

गोळ्या मी घेऊन दिल्या. काही दिवसांनी गेले तर डबा रिकामा. मला बरं वाटलं.

"घेतल्यास ना सगळ्या?"

"कपिला व्याली अन् बसली गं, उठंनाच. डॉक्टरनं सलाईन लावलं, म्हनला कॅल्शियम कमी पडलंय. मग राहिलेल्या गोळ्या मी कुटून पेंडीत घातल्या. उठली बघ!"

"आणि तू?"

"मला काय हुतंय? मी रोज उठतेच की."

मला असा संताप आला की चहाही न घेता मी निघाले.

दिवाळीनंतर ती गोठ्यात घसरली आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण पुन्हा चालेल की नाही, डॉक्टर काही सांगत नाहीत. बघायला येणाऱ्यांना मामा सांगतात, "खान्यापिन्याची आबाळ कधी केली न्हाई आमी हिची." लोक माना हलवतात. परवा मी तिथंच होते. आता बोलायचंच म्हणून तोंड उघडलं, तर खाटेवरून आत्यानं माझा हात घट्ट दाबला आणि पाहुण्यांना म्हणाली, "व्हय, माझंच नशीब फुटकं. यांनी काय कमी केलं न्हाई."