सखाबाईचा नाच कोर्टात

आंधळगावच्या सखाबाईला हसू आवरत नाही, हे आसपासच्या दहा गावांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त इन्शुरन्स कंपनीला. ही बाई लग्नात हसायची ते ठीक, पण मयताच्या घरीसुद्धा पदरात तोंड खुपसून बसायची, कारण रडता रडता कोणीतरी भलतंच बोलून जायचं आणि हिला तेवढं पुरायचं. तलावातली मासळी टोपलीत घालून, टोपली डोक्यावर घेऊन ती गावोगाव फिरायची. "मासोया घ्या वं मासोया!" अशी हाक आधी यायची आणि हाकेच्या मागोमाग हसू. बायका म्हणायच्या, सखाबाई मरळ महाग देते, पण हसणं फुकट देते.

त्या दिवशी ती नवऱ्याच्या, म्हणजे श्यामलालच्या, मोटरसायकलवर मागे बसून मोहाडीच्या बाजाराला निघाली होती. मांडीवर टोपली, टोपलीत ताजे रोहू. मागून धानाची पोती भरलेला ट्रक आला. घाई कसली होती ते त्या ड्रायव्हरलाच माहीत, पण पुढे जाता जाता त्याने गाडीला असा धक्का दिला की श्यामलाल रस्त्याकडेच्या धानाच्या बांधीतल्या चिखलात, सखाबाई डांबरावर आणि रोहू चहूकडे. लोक धावले. उजव्या खांद्याचा चुरा झालेली ही बाई पडल्या पडल्या ओरडत होती, "मले मंग उचला बाप्पा! आधी मासोया उचला, कुत्रे येऊन राहिले!"

लोकांनी दोन्ही उचललं. सखाबाई दवाखान्यात पोहोचली. मासळी कोणाकोणाच्या घरी पोहोचली, याचा तपास मात्र पोलिसांनाही लागला नाही.

नागपूरला ऑपरेशन झालं, खांद्यात स्टीलच्या पट्ट्या बसल्या. हात जेवायपुरता परत आला, पण खांद्याच्या वर काही जाईना. आणि डोक्यावर टोपली घेऊन फिरणाऱ्या बाईचं सगळं पोट खांद्याच्या वरच असतं. भरलेली टोपली दोन्ही हातांनी उचलून चुंबळीवर ठेवायची, उतरवायची, पुन्हा ठेवायची, हे दिवसभराचं काम. ते एका हाताने होत नाही. सखाबाईने करून पाहिलं, तेव्हा अर्धी टोपली शेजारणीच्या अंगावर गेली आणि दोघी हसून हसून ओसरीवर लोळल्या. हसून झाल्यावर मात्र सखाबाईने रिकामी टोपली भिंतीशी उपडी घातली.

तिला एकच गोष्ट हवी होती. आंधळगावच्या बाजारात एक पक्का ओटा आणि त्याच्यावर बर्फाची पेटी. मग टोपली उचलायला नको, गिऱ्हाइकच आपल्याकडे येईल. त्यासाठी भंडाऱ्याच्या कोर्टात ट्रकमालकावर आणि त्याच्या इन्शुरन्स कंपनीवर नुकसानभरपाईचा दावा लागला. वकील होते चंद्रकुमार. माणूस भला, पण जन्मजात घाबरट, त्यांना प्रत्येक तारखेला आपणच हरणार असं वाटायचं. कंपनीने उत्तरात लिहिलं, बाई धडधाकट आहे, पैशासाठी ढोंग करते. वकिलांनी ते वाचून दाखवलं तेव्हा मात्र सखाबाई हसली नाही.

"ढोंगी मंते मले?" ती म्हणाली. "वकीलसाहेब, पैसे कमी मिळाले तं मिळाले. पन हा शबूद खोडून आना."

"मग कोर्टात हसायचं नाही, सखाबाई. हसरा माणूस जखमी वाटत नाही."

"बरं जी," सखाबाई म्हणाली आणि खळखळून हसली.

चंद्रकुमार वकिलांनी कपाळाला हात लावला आणि घरी रडवेल्या चेहऱ्याने उत्तरं द्यायचा सराव करायला सांगितलं. श्यामलाल खांद्यावर काळी घोंगडी घेऊन जज झाला. खाटेवर बसून, घसा खाकरून त्याने पहिला प्रश्न केला, "तुझं नाव काय?" लग्न झाल्यापासून ज्या नवऱ्याने एकदाही बायकोचं नाव घेतलं नाही, तो आता नाव विचारतो! सखाबाई जी फुटली ती फुटलीच. जजसाहेबही घोंगडीत तोंड घालून हसले. कोर्ट तिथेच उठलं.

अशात अड्याळहून सांगावा आला. सखाबाईच्या भावाच्या मुलाचं, लिलाधरचं, लग्न. वकिलांनी हात जोडले, "लग्नाला जा, पोटभर जेवा, पण नाचू नका. कंपनीची माणसं पाळतीवर असतात." सखाबाईने शपथ घेतली. पण तिच्या माहेरी रीत अशी की नवरदेवाची आत्या नाचल्याशिवाय वरात हलायची नाही. ती नाचली नाही तर आत्या रुसली, असा अर्थ होतो. वरात निघाली आणि चौकात येऊन थांबली. डीजे थांबला, घोडी थांबली, घोडीवरचा लिलाधर केविलवाणा चेहरा करून आत्याकडे बघत राहिला. सखाबाईने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. अड्याळमध्ये कंपनीचं कोण येणार आहे मरायला?

"एकच गानं बरं का!" ती म्हणाली आणि वरातीत शिरली. किती गाणी झाली ते विचारू नका.

कंपनीचं कोणी आलं नव्हतं हे खरं. पण लिलाधरची बहीण रंजू मोबाईल घेऊन समोरच होती. तिने आत्याचा नाच टिपला आणि 'आमची आत्या नंबर वन' असं लिहून सगळ्या दुनियेला दाखवला. दुनियेत इन्शुरन्स कंपनीही आलीच.

उलटतपासणीच्या दिवशी कंपनीचे वकील नवरदेवासारखे खुशीत होते.

"तुमचा उजवा हात चालत नाही म्हणता?"

"चालते जी. जेवते मी त्यानं. वर जात नाही."

"आणि म्हणून तुम्ही दुःखात आहात?"

"अं... हाव जी," सखाबाईने गाल आतून दाताखाली धरला.

कंपनीच्या वकिलांनी लॅपटॉप उघडून जजमॅडमपुढे ठेवला. चंद्रकुमार वकील उभे राहून आक्षेप घेऊ लागले, पण त्यांचा आवाजच फुटेना. मॅडम म्हणाल्या, आधी बघू, मग ठरवू. पडद्यावर अड्याळचा चौक उजळला आणि निळ्या लुगड्यातली सखाबाई मुक्याने नाचू लागली. कोर्टाचा मान राखून कंपनीच्या वकिलांनी आवाज बंद ठेवला होता. ऑफिसातही त्यांनी तो नाच तसाच, आवाजाविना पाहिला असावा.

"मॅडम, ही ती अपंग बाई!"

चंद्रकुमार खाली बसले. मागच्या बाकावर श्यामलालने डोळे मिटले. ओटा गेला, पेटी गेली, आणि तो मेला शब्द कायमचा कपाळी बसला. पण सखाबाई ते सगळं विसरून पडद्याकडे बघत होती. तिला एकच गोष्ट सहन होत नव्हती.

"आवाज द्या नं जी!" ती साक्षीच्या पिंजऱ्यातून ओरडली. "गान्याबिगर नाचनं कसं दिसन? येड्या बह्याडावानी दिसून राहिली मी!"

सकाळपासून कंटाळलेल्या जजमॅडमच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "लावा आवाज."

कंपनीच्या वकिलांनी आनंदाने आवाज वाढवला. डीजे धडधडला, शिपाई दारातून आत डोकावला. आणि त्या दणदणाटात, मोबाईलच्या अगदी जवळून, रंजूचा आवाज आला, "आत्या, दोनी हात वर कर नं वं!"

आणि नाचता नाचता सखाबाईचं उत्तर, "एकच येते वं पोरी! दुसरा ट्रकवाल्यानं नेला!" त्यामागून ते प्रसिद्ध हसू, अख्ख्या वरातीला पुरेल एवढं.

आधी शिपाई हसला. मग टंकलेखक हसला, मग दुसऱ्या दाव्यासाठी ताटकळलेली माणसं हसली. मॅडमनी हातानेच गप्प केलं. "पुन्हा लावा," त्या म्हणाल्या.

या वेळी सगळ्यांनी फक्त हात पाहिला. भोवतीच्या बायकांचे दोन्ही हात वर होते. सखाबाईचा डावा आभाळात होता आणि उजवा कमरेशी चिकटलेला. मध्येच डोक्यावरचा पदर उजवीकडे घसरला. उजवा हात सवयीने उठला, छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. मग डावा डोक्यावरून पलीकडे गेला, त्याने पदर ओढून घेतला आणि नाच पुढे सुरू झाला.

सखाबाईने हे कधी पाहिलं नव्हतं. गावी मोबाईलवर पाहिलं ते गाणं आणि गर्दी. नाचताना तर तिला वाटलं होतं की आपण पहिल्यासारखंच नाचतोय. तो अर्ध्यात थांबलेला हात बघून तिला एकदम रडू आलं. वकिलांनी शिकवून शिकवून न आलेलं रडू आता थांबेना, आणि आता त्याची कोणालाच गरज नव्हती.

"मला आणखी काही विचारायचं नाही," कंपनीचे वकील लॅपटॉप मिटत म्हणाले.

"माझा आक्षेप मी मागे घेतो," चंद्रकुमार वकील ताडकन उठून म्हणाले. त्यांचा आवाज त्या दिवशी प्रथमच भंडारा शहरात ऐकू आला.

पुढे आणखी तारखा पडल्या, पण निकाल लागला. मॅडमनी लिहिलं की अर्जदार बाई खरं बोलते, नाचतानाही खरंच बोलते. सखाबाईने ते वाक्य वकिलांकडून इतक्या वेळा वाचून घेतलं की रक्कम ऐकायची राहूनच गेली. आता बाजारात तिचा ओटा आहे, पेटी आहे, आणि हाक तीच आहे.

यंदा रंजूचं लग्न झालं. हळदीला डीजे लागला आणि आत्या उठली. बघते तर काय, रंजूसकट झाडून सगळ्या पोरी एक हात कमरेला लावून, एकच हात वर करून नाचत होत्या. आत्याचा नाच म्हणून तोच आता चालू झाला होता. सखाबाईला आधी रडू आलं, मग नेहमीसारखं हसू आलं आणि ती दोन्ही एकमेकांत अडकली.

"अवं बह्याड पोरीहो," ती ओरडली, "तुमाले कोनता ट्रक लागला? करा नं दोनी हात वर!"

पोरींनी दोन्ही वर केले. सखाबाईने आपला एक केला.