बाळाच्या अंघोळीची चौकशी

माझ्या मुलाच्या जन्माआधी महिनाभर आई साताऱ्याहून आमच्याकडे नेदरलँड्समधल्या उइटहॉर्नला आली. बाळंतपण उरकून उन्हाळ्याच्या आत परत जायचं तिचं ठरलं होतं. मग करोना आला, विमानं बंद झाली आणि आई आमच्याकडेच अडकली. मला मनातून बरंच वाटलं. नवऱ्याचं सगळं ऑफिस बेडरूममध्ये येऊन बसलेलं, मी त्याच्या मागे डिपेंडंट व्हिसावर आलेली, ओळखीपाळखी थोड्या, आणि मांडीवर पहिलंच मूल.

सकाळी बाळाची अंघोळ हा आईचा प्रांत. शॉवरच्या काचेच्या खोक्यात ती छोट्या स्टुलावर पाय पसरून बसायची, बाळाला पायांवर पालथं घ्यायची, तेल चोळायची, पाठीवर थपाथप हात मारायची, मग कोमट पाणी. सोबत गाणं. आईचा आवाज मोठा आणि सुराशी तिचं कधी जमलेलं नाही. शेवटी बाळ असं काही रडायचं की नवरा मीटिंगमध्ये घाईघाईने म्यूट व्हायचा. एकदा अंघोळीनंतर तिने ओव्याची धुरी दिली, तेव्हा स्मोक अलार्मही कोकलला.

एका दुपारी फोन आला. बाई इंग्रजीत, अगदी शांतपणे बोलत होती. मुलांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या कार्यालयातून. कोणीतरी कळवलं होतं, की आमच्या घरातून रोज सकाळी बाळाच्या किंचाळण्याचा, मारल्यासारखा आणि एका बाईच्या ओरडण्याचा आवाज येतो.

"कुणी कळवलं?" मी विचारलं.

"ते मला सांगता येणार नाही. पण काय कळवलं ते सगळं तुम्हाला सांगायला मी बांधील आहे."

पुढे ती बरंच बोलली. भेटीच्या वेळी आपलं माणूस सोबत ठेवता येईल, दुभाषी मिळेल, तुमच्या डॉक्टरांशी आम्ही बोलू, आणि आम्ही जे लिहू ते आधी तुम्हाला वाचायला देऊ. मला त्यातलं अर्धंच ऐकू आलं. बाळाला माझ्यापासून काढून घेतील, एवढं एकच डोक्यात घुमत होतं.

नवरा तर पांढराफटक पडला. "त्या काय म्हणतील त्याला हो म्हणू," तो म्हणाला. "वाद नको. इथे राहायच्या परमिटचं काही झालं तर?"

मी जवळच्याच ॲम्स्टलव्हेन गावातल्या मैत्रिणीला फोन लावला. ती तिथे पंधरा वर्षं राहिलेली, पाळणाघरात काम करणारी. तिने मला आधी रडू दिलं. मग म्हणाली, "हे बघ, चौकशी म्हणजे शिक्षा नाही. परमिटशी याचा काही संबंध नाही. त्या विचारतील, तसं तुम्हीही विचारायचं. कळलं नाही तर पुन्हा सांगा म्हणायचं. आणि आईच्या वतीने तू बोलू नकोस. त्यांचं त्यांना बोलू दे. त्यासाठी मराठी दुभाषी माग."

"हिंदी चालेल ना?"

"तुझ्या आईचं हिंदी ऐकलंय मी. मराठीच माग."

त्या चार-पाच दिवसांत मी शेजाऱ्यांपैकी प्रत्येकाचा मनात खटला चालवला. खालची म्हातारी, समोरचं जोडपं, वरचा उंच माणूस. बाळ रडलं की मी खिडक्या लावून घ्यायचे. आईला मात्र सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "ज्याने कळवलं त्याला बाळाचीच काळजी होती ना? मग त्याच्यावर कशाला राग धरायचा?" तरी त्या रात्री ती जेवली नाही, हे मी पाहिलं.

ती बाई आली. मास्क तेव्हा तिथे कुणी घालत नव्हतं. दीड मीटरवर खुर्ची ठेवून बसली. आपलं माणूस म्हणून मैत्रीण येणार होती, पण तिच्या नवऱ्याला खोकला होता म्हणून ती घरूनच, माझ्या फोनवर. दुभाषी बाई टेबलावरच्या दुसऱ्या फोनवर, ग्रोनिंगन शहरातून. तिने "आजी, बोला, मी मराठीच आहे," म्हटलं आणि आईचा चेहराच बदलला.

"अगं बाई! कुठल्या तुम्ही?"

मग दुभाषी बाईने ते इमानेइतबारे डचमध्ये सांगितलं. नियमच तसा, बोललेलं सगळं सांगायचं. चौकशीला आलेली बाई हसली आणि काहीतरी म्हणाली. दुभाषी बाई म्हणाली, "त्या म्हणतात, सांगा की मग. मी सांगलीची."

"म्हणजे शेजारच्याच की!" आई खुर्चीत सैल होऊन बसली.

मग प्रश्न सुरू झाले. बाळ झोपतं किती, पितं किती, मला कसं वाटतं, आम्ही नवराबायको भांडतो का. नवऱ्याने सुरुवातीला तीनचारदा "येस, येस" केलं, मग मीच त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मारल्यासारखा आवाज म्हणजे नेमकं काय कळवलंय, ते मी पुन्हा वाचून दाखवायला सांगितलं. तिने दाखवलं, न कुरकुरता.

नंतर तिने आईला विचारलं, "बाळ रडायला लागलं की तुम्ही काय करता?"

"रडू देते," आई म्हणाली.

मधे पडून सावरून घ्यावं असं वाटलं, तोंड उघडलंही होतं. मैत्रिणीचं बोलणं आठवून गप्प बसले.

आई पुढे बोलत राहिली. "भुकेचं रडणं वेगळं, घाबरल्याचं वेगळं. घाबरलं तर मी लगेच उराशी घेते. पण हा न्हाताना रडतच नाही हो. पाणी संपलं की रडतो. त्याला पाण्यातून उठायचंच नसतं. तुम्ही एकदा सकाळी येऊन बघा ना."

आणि ती खरंच आली, दोन-तीन दिवसांनी, बाथरूमच्या दारात उभी राहिली. त्या दिवशी आई आधी घाबरून गातच नव्हती. बाळ तिच्याकडे मान वळवून बघायला लागलं. मग तिने हळूच सुरुवात केली आणि नेहमीसारखा आवाज चढला. पाठीवर थपाथप, पायांवर तेल, बाळ मुठी चोखत सुस्त पडलेलं. शेवटचा तांब्या झाला, आईने त्याला टॉवेलात उचललं, आणि पठ्ठ्याने जो टाहो फोडला, त्याने ती बाई दोन पावलं मागे सरकली. मग मोठ्याने हसली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हसू की रडू ते कळेना.

तिने दोन गोष्टी सांगितल्या. शॉवरमध्ये पायाखाली न घसरणारी चटई घाला, आणि बाळाच्या खोलीत धूर नको, त्याच्या फुफ्फुसांना त्रास होतो. चटई आईला पटली. धुरीसाठी तिने फोनवरच्या सांगलीकर बाईंमार्फत थोडा वाद घातला, आणि मग "बरं" म्हणाली. पुन्हा कधी धुरी केली नाही.

काही आठवड्यांनी त्यांनी लिहिलेलं वाचायला आलं. मी ते आईला मराठीत वाचून दाखवलं. "एका बाईचं ओरडणं" या शब्दांवर तिने मला थांबवलं.

"हे खोडायला सांग."

मी फोन केला. कळवणाऱ्याचे शब्द खोडता येत नाहीत, ती बाई म्हणाली, पण त्याखाली तुमचं म्हणणं तुमच्या शब्दांत लिहिता येतं, तो तुमचा हक्कच आहे. आईने अर्धा दिवस विचार करून मला सांगितलं, "लिही. मी ओरडत नाही, गाते. मला सूर नाही, हे मला माहीत आहे." ते तसंच्या तसं डचमध्ये गेलं. चौकशी तिथेच बंद झाली.

कुणी कळवलं होतं ते आम्हाला कधीच कळलं नाही. आई जिन्यात भेटेल त्याला मान डोलावून "खुडेमॉर्खन", म्हणजे डचमधलं गुड मॉर्निंग, म्हणत राहिली, दुपारीसुद्धा.

पानं गळायला लागली तेव्हा तिला विमान मिळालं. विमानतळावर तिने बाळाला शेवटपर्यंत सोडलं नाही, नवऱ्यालाच ते हळूच काढून घ्यावं लागलं. तोही रडत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टुलावर बसले. व्हिडिओ कॉल लावून फोन वॉशबेसिनवर उभा केला. साताऱ्याहून आई म्हणत होती, "अगं, इतकं घाबरत नको धरूस, जरा जोरात चोळ." मग ती गायला लागली आणि बाळ काचेच्या त्या खोक्यात चारी बाजूंना तिला शोधू लागलं.