डाव्या हाताचा अंगठा

मास्तरांनी माझा अंगठा हातात धरला नाही. लाकडी रुळाने दाबला.

शाळेच्या पायरीवर कागद ठेवला होता, शेजारी शाईची डबी. मी खाली उकिडवी बसले होते. हळदीच्या काढणीवरून तशीच आलेली, हात पिवळे. अंगठा टेकवला, तर मास्तर म्हणाले, "नीट उमटत नाही. दाब." इतरांचा ते हात धरून दाबून घेत. माझ्या नखावर त्यांनी रूळ ठेवला आणि वरून भार दिला. कळ डोक्यात गेली. खिडकीत जमलेली पोरं हसली. मास्तर म्हणाले, "एवढी घोडी झाली, अंगठासुद्धा देता येत नाही." पोरं आणखी हसली.

मीही हसले.

हे सांगताना आजही मान खाली जाते. रूळ मी विसरू शकेन, माझं हसणं नाही. वर "व्हय जी, आमी अडाणी" असं म्हणाले, सगळे पुसतात तशी शाई केसांना पुसली आणि उठले. कागदात काय आहे, विचारलंसुद्धा नाही.

विचारायचं काय त्यात, असं वाटलं. माझी पोरगी चौथीत होती. आमच्या महारवाड्यातली चौथीपर्यंत पोचलेली पहिलीच मुलगी. पडवीत बसून शिकली, आत नाही. परीक्षा जवळ आली होती. नवरा पलटणीबरोबर लढाईवर, मग अंगठा माझाच लागणार. परीक्षेचाच कागद असणार. मी खुशीत घरी आले आणि होता तेवढा गूळ फोडून घरोघर वाटला.

दुसऱ्या दिवशी पोरगी शाळेत गेली तशीच परत आली. दप्तर छातीशी धरून दारात उभी.

"आये, तू माझं नाव काडलंस?"

"कुनी सांगितलं?"

"मास्तरांनी. म्हनले, तुझ्या आयनंच अर्ज केलाय."

शाळा तपासायला साहेब येणार होते. पडवीत बसवलेली पोरगी त्यांना दिसली असती, तर मास्तरांना जाब द्यावा लागला असता. म्हणून त्यांनी पडवी रिकामी केली. माझ्याच अंगठ्याने. हे मला परीक्षा होऊन गेल्यावर कळलं. त्या दिवशी मी फक्त धावत गेले आणि लांबूनच पाया पडले. मास्तर शांतपणे म्हणाले, "तूच लिहून दिलंस. कागद आहे."

गूळ खाल्लेल्या बायका विचारायच्या, पोरगी परीक्षेला कधी जाणार? मी पाण्याला जायची वाट बदलली. पोरगी आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. मग एका दुपारी मी तिच्यापुढे तिचीच पाटी ठेवली.

"मला शिकीव."

"आता? म्हातारपनी?"

"व्हय. आता."

तिने शिकवलं, पण रागाने. माझी बोटं विळ्याला सरावलेली, पेन्सिल मोडायची. ती खेकसायची, "किती डाव सांगू?" अगदी मास्तरांसारखी. मी ऐकून घ्यायची. तिचा हक्क होता तो. परीक्षेच्या दिवशी गावातली पोरं न्हाऊन, धुतलेले कपडे घालून शाळेत गेली. आम्ही दोघी दाराशी बसलो होतो. ती रडत होती आणि मी बाराखडी गिरवत होते.

सुट्टीनंतर शाळा भरली, त्या दिवशी मी गेले.

"तो कागद दावा."

"तुला काय कळणार त्यात?"

दाखवला मात्र. कळणार नाही याची त्यांना खात्रीच होती. त्यांनी लांबून धरला आणि मी अडखळत, मोठ्याने वाचला. "मा-झ्या खु-शी-ने मु-ली-चे नाव क-मी क-रा-वे." खाली माझा काळा डाग. शेजारी त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं, निशाणी डाव्या हाताचा अंगठा. खिडकीतली पोरं या वेळी हसली नाहीत.

मास्तर घाईने म्हणाले, "बरं, बरं. नवा अर्ज लिहितो. अंगठा दे."

"न्हाई. मी लिवते. पोरगी पडवीत न्हाई, आत बसंल. न्हाईतर असाच अर्ज सायबालाबी लिवीन."

तीन ओळी होत्या. मधल्या सुट्टीपर्यंत लिहीत बसले, त्याच पायरीवर.

पोरगी आत बसली, दाराशी, पुन्हा चौथीत. तिच्या बरोबरीची पोरं पाचवीत गेली होती. तिचं ते वर्ष मी खाल्लं. मास्तरांनी कट केला, पण अंगठा माझा होता. याची लाज मला वाटते आणि ती जाऊ नये असंच मला वाटतं.

ती पाचवीत गेली, तेव्हा तिचं चौथीचं पुस्तक मी घेतलं. ती सहावीत गेली, मी पाचवीचं धरलं. बायका म्हणतात, वाचता येतंय न्हवं, आता पुरे की. पुरे नाही. त्यांचे कागद संपणार नाहीत, तर माझं शिकणंही संपणार नाही. डोळ्यांना दिसतंय तोवर शिकणार.

आता चावडीवर, दवाखान्यात, कुठेही कुणी शाईची डबी पुढे सरकवली, की मी हात मागे घेते.

"आदी कागद हिकडं द्या."