गरम इंजिनाची साक्ष

सत्याचा शोध हा मानवजातीचा सर्वांत उदात्त उद्योग आहे, असं मी अनेक व्याख्यानांत ऐकलं आहे आणि रीतीप्रमाणे टाळ्याही वाजवल्या आहेत. प्रत्यक्षात हा उद्योग करणारा एकच माणूस माझ्या पाहण्यात आला. तो करताना त्याचं अर्धं अंग बॉनेटखाली असायचं आणि एका हाताची दोन बोटं वर असायची. त्या दोन बोटांचा अर्थ असा, की गिऱ्हाइकानं आता गप्प बसावं.

"दुसऱ्यानं काय सांगितलं ते नका सांगू," तो म्हणायचा. "गाडी काय करून राहिली, तेवढंच सांगा."

तुम्ही कधी करून बघा, हे फार जड जातं. माणसं गाडी घेऊन येत नाहीत, मतं घेऊन येतात. मेहुण्याचं मत, मागच्या मेकॅनिकचं मत, मोबाइलवर बघितलेल्या व्हिडिओतलं मत. एकदा एक नावाजलेले डॉक्टर कोणते भाग बदलायचे याची यादीच लिहून घेऊन आले. यानं ती शांतपणे वाचली आणि विचारलं, पेशंट असा यादी घेऊन आला तर तुम्ही काय करता? डॉक्टर म्हणाले, मी चिडतो. "मी न्हाई चिडलो," असं म्हणून हा परत बॉनेटखाली गेला.

आम्ही सगळे त्याला मिस्त्री म्हणायचो. मूळचा तेलंगणाच्या सीमेवरच्या धर्माबादकडचा. नांदेडात धान्याच्या मोंढ्यामागे त्याचं पत्र्याचं दुकान होतं आणि समोरच्या गल्लीत मी भाड्यानं राहायचो. लातूरच्या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून रुजू होण्याआधीची ती माझी वर्षं. मला गाड्यांतलं काही कळत नाही. पण एखादा माणूस स्वतःचं काम नीट करताना दिसला की तिथं उभं राहायची मला खोड आहे, आणि त्यासाठी शहरात जागा फार नव्हत्या.

गाडीच्या विजेच्या दुखण्यांत तो तरबेज होता. त्यातही त्याचा जीव एका वस्तूत अडकलेला होता. थ्रॉटल पोझिशन सेन्सर. काड्यापेटीएवढी ही वस्तू इंजिनाच्या हवेच्या झडपेला चिकटलेली असते. तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर किती दाबला, एवढंच ती गाडीच्या कॉम्प्युटरला कळवते. तिच्या पोटात कार्बनची एक पट्टी आणि तिच्यावरून सरकणारं एक बारीक बोट असतं. पाय उचललेला असला की अर्धा व्होल्ट, पूर्ण दाबला की साडेचार, आणि मधली चढण सरळ. पट्टी एखाद्या जागी झिजली की बोट तिथून जाताना क्षणभर काहीच कळवत नाही. कॉम्प्युटरला वाटतं, पाय उचलला. तो पेट्रोल तोडतो. गाडी मान टाकते, चालवणारा घाबरून आणखी दाबतो, बोट झिजलेल्या जागेच्या पुढं जातं आणि गाडी उसळी मारते.

हे पकडायला त्याच्याकडे काट्याचं जुनं मीटर होतं, बायकोनं विणलेल्या लोकरीच्या कानटोपीत ठेवलेलं. आकड्याचं मीटर का घेत नाही, असं मी विचारलं होतं. तो म्हणाला, आकडा थांबून थांबून बोलतो. मधल्या वेळात काय झालं ते सांगत नाही. काटा मात्र अडखळला तर दिसतो. वायरला टाचणी लावून तो एका हातानं झडप उघडत जायचा आणि काट्याकडे बघून हळू आवाजात "रा... रा..." म्हणायचा. रा म्हणजे तेलुगूत ये. धर्माबादची माणसं जीव लावायच्या गोष्टींशी तेलुगूत बोलतात, अशी माझी समजूत आहे.

पट्टी कुठं झिजली यावरून चालवणारा माणूस कसा आहे तेही तो सांगायचा. पाय जिथं जास्त वेळ राहतो तिथंच ती झिजते. एका वकिलाला त्यानं न विचारता सांगितलं, "तुम्ही साठीच्या वर जात न्हाई. आन मागच्याला साइडबी देत न्हाई." वकिलाची बायको गाडीत बसली होती. ती पहिल्यांदाच काचेतून बाहेर डोकावली आणि म्हणाली, मिस्त्री, आणखी काय दिसतंय?

आता लातूरची गोष्ट, कारण या माणसाचं खरं चित्र मला तिथं दिसलं.

आमच्या कॉलेजच्या अभ्यासिकेचं उद्घाटन होतं. कोनशिलेवर एकोणीस नावं होती आणि 'अभ्यासिका' हा शब्द एकदा होता. शिला पोर्चच्या कडेला लाकडी चौकटीत पडद्याआड उभी होती. पाहुण्यांना विश्रामगृहातून आणायला कॉलेजची गाडी तयार ठेवलेली. पाहुण्यांना गाडी थंडगार मिळावी म्हणून आमच्याकडे अशा वेळी इंजिन आणि एसी चालूच ठेवतात. पाहुणे उशिरा आले तर गाडी तेवढा वेळ धडधडत राहते. पाहुणे उशिराच येतात.

निरोप आला. ड्रायव्हरनं पहिला गिअर टाकला. पोर्चच्या उतारावर गाडीनं मान टाकली, मग एकदम उसळली आणि चौकटीला धडकली. शिलेचे दोन तुकडे झाले. माणसाला खरचटलंसुद्धा नाही, त्यामुळं सगळ्यांना दुःख करायला फक्त शिलाच उरली.

ड्रायव्हर औशाजवळच्या एका खेड्यातला. घरी थोडी कोरडवाहू जमीन, आणि कॉलेजात चौदा वर्षं नोकरी. तो पिऊन होता, असं संध्याकाळपर्यंत ठरलं. दुसऱ्या दिवशी निलंबन झालं आणि तिसऱ्या दिवशी त्याच्यापुढं टाइप केलेला माफीनामा आला. त्यात दारूचा उल्लेख नव्हता. 'भानावर नसल्यामुळे' एवढंच होतं. सही केली तर शिपाई म्हणून ठेवू, नाही केली तर चौकशी होऊन घरी जाशील, असं त्याला सांगण्यात आलं.

त्यानं सही केली नाही. माझ्याकडे ग्रंथालयात येऊन तो म्हणाला, "सर, पोरीची सोयरीक चालू हाय. भानावर नव्हतो असं मीच लिहून दिलं, तर पाव्हणे काय म्हणतील? मी थेंबाला शिवत न्हाई." नोकरीचं त्यानं नंतर काढलं, तेही मी विचारल्यावर.

चौकशी समितीत उपप्राचार्य अध्यक्ष होते, वाणिज्य विभागाचे एक प्राध्यापक सदस्य होते आणि तिसरी सही लागते म्हणून मी होतो. सर्व्हिस सेंटरचा अहवाल आलेला होता: कॉम्प्युटरमध्ये कुठलाही दोष नोंदलेला नाही. अध्यक्षांनी तो वाचून दाखवताना 'नोंदलेला' हा शब्द गाळला. मी नांदेडच्या मिस्त्रीला बोलवायचं सुचवलं. येऊ द्या तुमचे तज्ज्ञ, असं अध्यक्ष म्हणाले. तज्ज्ञ हा शब्द त्यांनी ज्या सुरात उच्चारला, तो सूर ते माझ्यासाठीही वापरतात.

मिस्त्री सकाळच्या एसटीनं आला. हातात कापडी पिशवी, पिशवीत कानटोपी, टोपीत मीटर. अध्यक्षांनी अहवाल पुढं केला तेव्हा दोन बोटं वर झाली. आमच्या कॉलेजात उपप्राचार्यांना गप्प करणारा माणूस मी प्रथमच बघत होतो.

सर्व्हिस सेंटरचा इंजिनिअरही आपलं मशीन घेऊन हजर होता. मिस्त्रीनं किल्ली फिरवली, टाचणी लावली, झडप उघडत नेली. काटा लोण्यातून सुरी जावी तसा वर गेला. परत नेली, परत तसाच. पाच वेळा. इंजिनिअर हसला नाही, तेवढा तो सभ्य होता. अध्यक्षांनी फाइल मिटली. ड्रायव्हर भिंतीला टेकून उभा होता. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, का ते त्यालाही माहीत नसावं.

मिस्त्री त्याच्याकडे वळला. त्या दिवशी गाडी काय करून राहिली होती, असं त्यानं विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, उभी होती, एसी लावून. किती वेळ? दीड तास. मिस्त्रीनं मान हलवली, आत वाकून इंजिन चालू केलं, एसी लावला आणि बॉनेट खाली टाकलं.

"आता दीड तास थांबावं लागंल," तो अध्यक्षांना म्हणाला.

"कोणासाठी?"

"पाव्हण्यासाठी थांबले होते ना साहेब, तसंच. आज गाडीसाठी थांबा."

अध्यक्षांना हे सहन होण्यासारखं नव्हतं. समितीला वेळेचं बंधन असतं, असं काहीतरी ते म्हणाले. मिस्त्री म्हणाला, थंड सेन्सर खरं बोलतो, तापला की अडखळतो. दुकान सोडून आलोय, बघितल्याबिगर जात न्हाई. तुम्ही जा, मी हाय. आता निघून गेलो तर आपल्या पाठीमागं काहीतरी सापडेल, हे अध्यक्षांच्या लक्षात आलं. ते थांबले.

खुर्च्या आल्या. खुर्च्या आल्या म्हणून चहा आला. पोर्चमध्ये गाडी चालू, खुर्च्या मांडलेल्या आणि उपप्राचार्य बसलेले, हे बघून दोन प्राध्यापक शर्टाची वरची बटणं लावून मागं उभे राहिले. कोण येतंय, असं एकानं मला विचारलं. मी म्हणालो, अजून नक्की नाही. त्यानं कार्यालयात पुष्पगुच्छाचा निरोप पाठवला. मिस्त्री कट्ट्यावर बसून सुपारी कातरत होता आणि ड्रायव्हरला त्याच्या शेतात यंदा काय पेरलंय ते विचारत होता.

दीड तासानं त्यानं बॉनेट उघडलं. आतून भट्टीसारखी झळ आली. इंजिन बंद करून किल्ली परत फिरवली, टाचणी लावली. मग झडपेवरचा हात त्यानं काढून घेतला.

"साहेब, तुम्ही फिरवा. माझा हात लबाड म्हणायला नको."

अध्यक्षांनी बाही सरकवली. ती पुरेशी सरकली नव्हती, हे त्यांना नंतर घरी कळलं असेल. त्यांनी झडप हळूच उघडली. काटा थोडा वर आला, आणि भुईवर आपटला. पुढं झडप सरकली तसा झटक्यात उठून चढला. मिस्त्रीनं "परत" म्हटलं. परत आपटला, त्याच जागी, पाय नुकता टेकतो त्या जागी. गावातल्या गर्दीत आणि मिरवणुकांच्या मागं गाडी कासवासारखी चालून चालून ती जागा झिजली होती. तिसऱ्यांदा आपटला तेव्हा इंजिनिअरनं आपल्या मशीनच्या पडद्याकडे बघितलं. तिथं सगळं उत्तम होतं. मशीन बाजूला ठेवून तो काट्याजवळ वाकला आणि म्हणाला, "मिस्त्री, एकदा मी फिरवू का?" मिस्त्री म्हणाला, "फिरव की." 'आज गाडीसाठी थांबा' नंतर त्या दिवशी मला आवडलेलं हे दुसरं वाक्य.

ड्रायव्हरनं टोपी परत डोक्यावर घातली.

मग कागदाचा प्रश्न आला. अध्यक्षांनी लिहून आणवलं की यांत्रिक दोषाची शक्यता पूर्णतः नाकारता येत नाही, आणि मिस्त्रीपुढं सहीसाठी ठेवलं. त्यानं दोनदा वाचलं.

"शक्यता न्हाई साहेब. पडला. तुमच्याच हातानं पडला."

अशीच भाषा असते कागदाची, अध्यक्ष म्हणाले.

"असंल. मग सहीबी भाषेलाच करू द्या."

त्यानं पेन परत केलं. भांडला नाही, आवाज चढवला नाही. मीटर टोपीत घातलं, टोपी पिशवीत. पोर्चच्या पायरीवर बसून राहिला आणि म्हणाला की खरं लिहून आलं की सही करून जाईन, शेवटच्या गाडीला अजून टाइम हाय. गाडीसाठी दीड तास बसलेला माणूस कागदासाठी किती बसेल, याचा हिशेब अध्यक्षांनी मनाशी केला असावा. मी कोरा कागद ओढला आणि लिहिलं: समितीच्या अध्यक्षांनी गरम इंजिनावर स्वतः थ्रॉटलची झडप फिरवली असता मीटरचा काटा तीन वेळा एकाच जागी शून्यावर आला. थंड इंजिनावर आला नाही. यात ड्रायव्हरचा दोष नाही. चार वाक्यांचीसुद्धा गरज लागली नाही. मी सही केली. मिस्त्रीनं केली. वाणिज्यचे प्राध्यापक, ज्यांनी दिवसभर तोंड उघडलं नव्हतं, ते म्हणाले, "मी बघितलंय," आणि त्यांनीही केली. तीन सह्यांखाली उरलेली जागा अध्यक्षांनी बराच वेळ न्याहाळली. मग भरली.

ड्रायव्हर पुढच्या सोमवारी कामावर आला. माफीनामा त्यानं मागून घेतला आणि माझ्यासमोर फाडला. सोयरीक जमली. लग्नात मिस्त्री आला होता आणि तिथं मांडवाच्या जनरेटरपाशी तो सर्वांत जास्त वेळ दिसला.

गेल्या हिवाळ्यात मिस्त्री वारला. निरोप ड्रायव्हरला आधी कळला, मला नंतर. मातीला जायचं म्हणून त्यानं रजेचा अर्ज दिला. मृताशी नातं काय, असं कार्यालयानं विचारलं. नातं काही नाही, असं त्यानं लिहिलं, आणि खाली लिहिलं की तरी जाणार आहे. प्राचार्य आता नवे आहेत. कॉलेजचं वाहन खासगी कामासाठी मिळणार नाही, असा शेरा मारून त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा मंजूर केली. वाहन त्यानं मागितलं नव्हतं. तो एसटीनं गेला.

वाहन तसंही त्या दिवशी चालू होत नव्हतं. बॅटरी उतरली होती.