मेपलची वाळकी फांदी

रत्नाबाई गजभिये यांनी नागपूरच्या सरकारी दवाखान्यात उभा जन्म सिस्टर म्हणून काढला. त्यांच्या एका नजरेने वॉर्डबॉय सुतासारखे सरळ व्हायचे. अशी बाई मिशिगनमधल्या ट्रॉयला मुलाकडे आली आणि पार गोंधळून गेली. इथे ऊन लख्ख पडे आणि अंग मात्र गारठे. शेजारी भेटले की तोंडभर हसत, पण कुणी कुणाच्या घरी जात नसे.

त्यात प्रफुल्लने, म्हणजे मुलाने, नवाच घोर लावून ठेवला होता. "आई, तिकडे एकटी काय करशील? नागपूरचं, इंदोऱ्यातलं घर सेल करू. तू इथेच राहा, ग्रीन कार्डचं मी बघतो." त्या घराचा वरचा मजला बाईंनी मोठ्या हौसेने बांधला होता, पोरगा परत आला की राहील म्हणून. तोही वर्षानुवर्षं फोनवर सांगे, "अजून दोनच वर्षं, आई." मग आता घर विकायचं कसं? आणि नाही विकायचं तर लेकाला कारण काय सांगायचं? बाईंचा जीव टांगणीला लागला होता.

सप्टेंबरातली सकाळ. बुद्धवंदना आटोपून त्या मागच्या अंगणात आल्या आणि बघतात तर काय, मेपलची एक फांदी वाळून कोळ झालेली! बाकी झाड हिरवंगार. लॉनला एवढं पाणी पाजतात, झाडाकडे मात्र बघायला कुणी नाही, असं पुटपुटत त्यांनी नळी उचलली आणि फांदीवर फवारा सोडला.

वाळकी पानं थरथरली. काही गवतावर पडली आणि पडल्या पडल्या त्यांनी पंख उघडले. आतून केशरी!

"आजी, स्टॉप! दे आर मोनार्क्स!" दारातून नात रुही किंचाळली. तिच्यामागून प्रफुल्लही धावत आला.

बाईंच्या हातून नळी गळाली. आत्ताच कुठे पंचशील म्हटलं होतं, कुणाही जिवाची हिंसा करणार नाही म्हणून, आणि लगेच ही करणी! त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली बसून त्या एकेक फुलपाखरू बोटावर घेऊन उन्हात ठेवू लागल्या. रुहीही शेजारी बसली.

"दे आर ओके, आजी. थंडीत उडता येत नाही त्यांना. दे आर गोइंग टू मेक्सिको. रात्री झाडावर झोपतात."

"आणि उन्हाळ्यात परत येतात?"

"नो, हे नाही येत इथे. देअर ग्रँडकिड्स कम."

"म्हणजे गेलेली ती गेलीच?"

रुहीने मान डोलावली. प्रफुल्ल पाठमोरा होऊन नळी गुंडाळत होता. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या.

"प्रफुल्ल, तू येणार नाहीस ना रे परत?"

"अजून दोन..." सवयीने त्याच्या तोंडून निघालं. मग तो थांबला. नळीकडेच बघत म्हणाला, "नाही, आई."

आता आपल्याला रडू फुटणार, असं बाईंना वाटलं. फुटलं नाही. उलट छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं आणि त्याचीच त्यांना लाज वाटली. हे दुःख की सुटका, काही केल्या उमगेना. उन्हात पंख वाळवून फुलपाखरं एकेक करून उठू लागली होती.

"मग घराचं?" प्रफुल्लने चाचरत विचारलं.

"मी जाते परत. वरचा मजला भाड्याने देईन," बाई म्हणाल्या, आणि हे आपणच बोललो का, म्हणून बघतच राहिल्या.